आधी मधमाशी शिका, मग मध विका : मुंबईच्या कंपनीची वाट आणि बेल्लमपल्लीचं जंगल

मुंबईच्या ‘अंडर द मँगो ट्री’ या कंपनीची ओळख मध विकणारी कंपनी अशी असली, तरी तिच्या कामाची सुरुवात शिकवण्यापासून होते. विजया पस्तला यांनी 2009 च्या सुमारास हे काम उभं केलं. त्याचे दोन भाग आहेत. कंपनी मध बाजारात नेते, तर जोडीची ना-नफा संस्था महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या लहान, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांना मधमाशीपालन शिकवते. बेल्लमपल्ली, आसिफाबाद, राजुरा, गडचिरोली या पट्ट्यात जंगलही आहे आणि मध काढणारेही आहेत. मग इथे या पद्धतीतलं काय घेता येईल?

देशी माशीच का?

परदेशी मेलीफेरा माशी मध जास्त देते. मात्र फुलोरा संपला की तिच्या पेट्या गाडीत घालून दुसरीकडे न्याव्या लागतात, मधल्या काळात साखरेचा पाक पाजावा लागतो. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला हा खर्च झेपत नाही. म्हणून या संस्थेने देशी सातेरी माशी निवडली. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या फटीत, वारुळात आपणहून राहते. तिचं मोहोळ शोधायचं, राणीसह पेटीत बसवायचं आणि पेटी शेताजवळ ठेवायची. मध कमी मिळतो, पण खर्चही कमी होतो. शिवाय तूर, तीळ, सूर्यफूल, काकडी, भोपळा यांच्या परागीभवनाचा फायदा त्याच शेताला मिळतो.

यात अवघड काय, तर माशी टिकवणं. सातेरीला त्रास झाला की ती पेटी सोडून जाते. मुंग्या आणि मेणकिडा तिच्या मागे असतातच. पेटी मिळाली पण शिकवणारं कोणी नाही, अशा ठिकाणी वर्षभरात पेटी रिकामी होते. शिकवण आधी आणि विक्री नंतर, या क्रमाचं कारण हेच.

बेल्लमपल्लीची गोष्ट थोडी वेगळी

बेल्लमपल्ली म्हटलं की सिंगरेणीचा कोळसा आठवतो. बल्लारशाह–काझीपेठ रेल्वेमार्गावरचं हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016 पासून मंचेरियाल जिल्ह्यात आहे. खाणींच्या पलीकडे साग, मोह, पळस, करंज, चारोळीचं जंगल लागतं. 2012 मध्ये घोषित झालेला कवाल व्याघ्र प्रकल्प याच भागात आहे. गोंड, कोलाम, नायकपोड समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मराठीतला मध तेलुगूत ‘तेने’ होतो आणि मधमाशी ‘तेनेटीगा’.

अशा जंगलातला बराचसा मध आग्या माशीचा असतो. आग्या उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठं, उघडं पोळं बांधते. ती पेटीत राहत नाही आणि हंगामाप्रमाणे जागा बदलते. तेव्हा इथे पेट्या वाटण्याच्या आधी मध काढायची रीत बदलायला हवी.

पोळं जाळू नका, मधाचा भागच कापा

जुन्या रीतीत रात्री टेंभा लावून माश्या जाळतात किंवा हुसकतात आणि अख्खं पोळं उतरवतात. त्यात माश्या मरतात, अळ्या वाया जातात, उन्हाळ्यात वणव्याचा धोका वेगळाच. पोळं हातानं पिळलं की अळ्या आणि पराग मधात उतरतात, तो लवकर आंबतो आणि व्यापारी भाव पाडतो.

आग्याच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगत साठवलेला असतो. खाली पराग आणि अळ्या. अंगभर संरक्षक पोशाख घालून, हलका धूर देऊन फक्त मधाचा भाग कापला, तर माश्या तो पुन्हा भरू शकतात. फुलोरा चांगला असेल तर त्याच हंगामात त्याच पोळ्यातून परत मध मिळतो. 1976 मध्ये सुरू झालेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही पद्धत मध काढणाऱ्यांपर्यंत नेण्याचं काम केलं आहे. आपल्या पट्ट्याला हे केंद्र जवळचं.

काढलेला मध पिळायचा नाही, स्वच्छ फडक्यातून निथळू द्यायचा. माश्यांनी मेणाने बंद केलेला मधच पिकलेला समजावा. अन्नसुरक्षा मानकानुसार मधात पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

हक्क आणि भाव

2006 च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण गौण वनोपजात मोडतात. पात्र वनहक्कधारकांना ते गोळा करून विकण्याचा हक्क आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. केंद्राने 2020 मध्ये जंगली मधाचा किमान आधारभूत दर किलोला 225 रुपये केला. तेलंगणात गिरीजन सहकारी महामंडळ वनोपज खरेदी करतं. या महामंडळाचं मूळ 1956 मध्ये विशाखापट्टणमला स्थापन झालेल्या संस्थेत आहे.

शिकायचं कुठे?

- पुणे : खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, 1962 पासून.
- महाबळेश्वर : राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय. याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं.
- वर्धा : आग्या मधासाठी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र.

शेतकऱ्याने एवढं तरी करावं

आदिलाबाद, चंद्रपूर, यवतमाळ हा कापसाचा पट्टा, फवारणी टळत नाही. माश्या सकाळी फुलांवर असतात. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगावं. बांधावरचं करंज, जांभूळ तोडू नये. आग्याच्या पोळ्याला दगड मारणं जिवावर बेतू शकतं, हे शाळेतल्या पोरांना आधीच सांगून ठेवावं.

मधाची कंपनी मंचेरियालला निघो की राजुऱ्याला, पुढच्या वर्षी त्याच झाडावर पोळं लागलं तरच तिला विकायला मध असेल.