टाकीतला चपटा कृमी आणि त्याच्या नावाचा इतिहास

तिरुवैयारु म्हणजे पाच पवित्र नद्यांचे गाव. तंजावरजवळच्या या कावेरीकाठी गोड्या पाण्याला तोटा नाही, समुद्र मात्र बराच दूर. तरीही येथल्या एखाद्या घरात काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवायचे ठरवले, तर योग्य प्रमाणात क्षार विरघळवून समुद्राचे पाणी तयार करता येते. ही युक्ती जुनी आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्लिश निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्येच कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली होती. मात्र पाणी घरी बनवता आले, तरी त्यात राहणारे जीव बाहेरूनच आणावे लागतात, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर बसून न बोलावलेले पाहुणेही येतात. खाऱ्या पाण्यातील चपट्या कृमींच्या उपद्रवाची कथा येथूनच सुरू होते.

भारतात सागरी जीव काचेआड पाहण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे. एडगर थर्स्टन यांच्या प्रयत्नांतून १९०९ मध्ये मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर मत्स्यालय उभे राहिले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये खुले झाले. या दोन्ही ठिकाणी समुद्र दाराशीच होता आणि मुख्य आकर्षण मासे हे होते. जिवंत प्रवाळ टाकीत वाढवण्याची कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली आणि तिच्याबरोबर कृमींचा प्रश्नही आला.

प्रवाळांवर आणि टाकीच्या काचेवर तांबूस-तपकिरी ठिपक्यांचा थर पसरवणारा एक कृमी छंदिष्टांना चांगलाच परिचित आहे. त्याच्या गटातील ‘कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेमा’ या जातीचे वर्णन हेंडेलबर्ग आणि ऑकेसन या संशोधकांनी १९८८ मध्ये केले. याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात, त्यामुळे प्रवाळांसाठी लावलेला प्रखर दिवा यालाही पोसतो. शरीराच्या मागच्या टोकाला कळ्या फुटतात आणि प्रत्येक कळीतून नवा कृमी सुटा होतो. एकच कृमी आत शिरला तरी संख्या वाढायला तेवढा पुरेसा होतो.

गंमत अशी की, हा प्राणी चपटा असला तरी ‘चपटा कृमी’ नाही. १९९९ मध्ये रुइझ-त्रिलो आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखवून दिले, की हा प्राणी ज्या ‘अकोएला’ गटात मोडतो, तो पृथुकृमींच्या संघातला नाही. प्राण्यांच्या वंशवृक्षावर या गटाची नेमकी जागा कोणती, हा वाद आजही मिटलेला नाही. ज्याला आपण टाकीतला कचरा म्हणून नळीने ओढून फेकतो, तो द्विपार्श्व सममित प्राण्यांच्या आरंभाविषयीच्या एका मोठ्या प्रश्नाचा साक्षीदार आहे.

दुसरा शत्रू मात्र खरा पृथुकृमी आहे. अॅक्रोपोरा जातीच्या शाखायुक्त प्रवाळांवर तो जगतो, त्यांचेच ऊतक खातो आणि रंगाने त्यांच्यात इतका मिसळून जातो, की प्रवाळ फिका पडेपर्यंत दिसत नाही. छंदिष्ट त्याला आधीपासून ओळखत होते, शास्त्रीय नाव मात्र २०११ मध्ये मिळाले, तेही टाकीतल्या नमुन्यांवरून. मुक्त समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, तो सापडल्याची पहिली नोंद २०१२ ची. येथे रोग आधी कळला आणि त्याचे माहेर नंतर.

चपटेपणा ही केवळ ओळखीची खूण नाही, त्यामागे भौतिकी आहे. या प्राण्यांना रक्ताभिसरण नाही, श्वसनेंद्रिये नाहीत. प्राणवायू विसरणानेच आत पोहोचतो आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा मिलिमीटर पार करायला मिनिटभर लागत असेल, तर एक सेंटिमीटर पार करायला सहा-सात तास लागतील. म्हणून शरीर पातळच हवे. याच पातळपणामुळे औषधही झटपट आत शिरते. अंड्यांना मात्र कवच असते. एका मात्रेने टाकी ‘स्वच्छ’ झाल्याचा भास होतो आणि काही दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पाणी जितके उबदार, तितकी ती लवकर.

औषधांचा इतिहासही उसनवारीचा आहे. लेव्हॅमिसोल हे औषध १९६० च्या दशकात बेल्जियममधील संशोधनातून पुढे आले, ते गुराढोरांच्या पोटातील गोल कृमींसाठी. तेच टाक्यांत वापरले जाऊ लागले. यातही धोका आहे. तांबडे कृमी एकदम मेले, तर त्यांच्यातून सुटणारी द्रव्ये माशांना बाधतात. म्हणून आधी नळीने शक्य तितके काढून मगच औषध द्यावे, हे शहाणपण छंदिष्टांनी माशांचे मोल देऊन मिळवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा पट्ट्यांचा रास मासा आणि एक कोळंबी अॅक्रोपोरावरील कृमींची संख्या कमी करतात, असे दिसले. मात्र एवढ्यावर निर्मूलनाची हमी देता येत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मन्नारच्या आखातात आणि मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या फांद्या रोवून पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले आहेत. फांदी एका जागेवरून दुसरीकडे नेताना तिच्यावरची अंडीही जाऊ शकतात. लक्षद्वीप परिसरातील सागरी चपट्या कृमींवर लेडलॉ यांनी १९०२ मध्ये लिहिले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी तेथील नव्या नोंदी प्रसिद्ध केल्या. यादी अशी सावकाश वाढत असेल, तर कोणता कृमी मूळचा आणि कोणता आगंतुक, हे ठरवणार कसे?

म्हणून नवा प्रवाळ आधी वेगळ्या भांड्यात ठेवावा, अंड्यांचा एक हंगाम उलटेपर्यंत थांबावे आणि भिंगाने त्याचा तळ तपासावा. या साध्या शिस्तीला कोणत्याही औषधाची सर नाही. टाकी असो वा समुद्र, पाहुण्याचे नाव-गाव विचारूनच त्याला आत घ्यावे.