छावणी, कबिला आणि दाखला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म काढलेल्या माणसाला त्या नावाचे नवल वाटत नाही. इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या परिसरात पडला. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, वाड्यांभोवती पेठा वसल्या, पण नाव ‘लष्कर’ हेच राहिले. तळाचे शहर कशामुळे झाले, या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे कबिला. मराठेशाहीच्या कागदांत बायकामुलांसाठी, घरच्या माणसांसाठी हा शब्द जागोजागी येतो. शिलेदार पुढे जाई, कबिला मागाहून येई. कबिला आला की बारसे आले, मुंज आली, भिक्षुक आला, देऊळ आले. पुरुष एकटे राहतात तोवर ती छावणीच असते.

आपल्या पूर्वजांना कबिला आणण्यासाठी कोणत्याही कचेरीचा दाखला लागला नाही. तो लागू लागला म्हणजे काय होते, याचा धडा कॅनडातील पंजाबी वसाहतीच्या इतिहासात मिळतो.

१९०४ ते १९०८ या काळात सुमारे ५,००० हिंदी लोक कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेले. बहुतेक शीख होते आणि पुष्कळांनी ब्रिटिश फौजेत चाकरी केलेली होती. लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर त्यांना रोजगार मिळाला. बायकामुले गावीच होती. जम बसला की आणू, हा त्यांचा विचार आपल्या पूर्वजांपेक्षा निराळा नव्हता.

जानेवारी १९०८ मध्ये कॅनडा सरकारने हुकूम काढला. मायदेशातून निघून, तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर, अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, असा तो हुकूम होता. त्यात हिंदुस्थानचे नाव कोठेही नव्हते. मात्र हिंदुस्थानातून असा थेट प्रवास करण्याची सोयच उरू दिली नाही. शिवाय आशियातून येणाऱ्याने जवळ २०० डॉलर दाखवावेत, अशी अट पडली; इतरांना २५ डॉलर पुरत. एकाच बादशहाचे प्रजाजन म्हणवणाऱ्यांना दार बंद झाले आणि आत असलेल्यांचा कबिला बाहेर राहिला. ‘तुमचे श्रम हवेत, तुमची वस्ती नको’ हे वाक्य कायद्यात नव्हते. परिणाम मात्र तोच झाला.

व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष भाग सिंग आणि ग्रंथी बलवंत सिंग हे दोघे आपल्या कुटुंबांना आणण्यासाठी मायदेशी आले. १९१२ च्या आरंभी ते परत पोहोचले. त्या दोघांना उतरू दिले, पण बायकामुलांना परत पाठवण्याचा हुकूम झाला. बराच गाजावाजा झाल्यावर सरकारने ‘मेहेरबानी म्हणून’ त्यांना राहू दिले. हा पायंडा मानू नये, हेही बजावले. हक्क आणि मेहेरबानी यांतील अंतर सरकारी सेवेत हयात घालवलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मेहेरबानीवर पुढच्या अर्जदाराला दावा सांगता येत नाही.

२३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आले. आधीपासून तेथे राहिलेले वीसेक जण तेवढे उतरू शकले. दोन महिन्यांनी, २३ जुलैला, जहाज परत पाठवण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे २९ सप्टेंबरला प्रवाशांवर गोळीबार झाला. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. गावी वाट पाहत वय झालेल्या बायकांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

महायुद्धात हिंदी सैनिकांचे रक्त सांडल्यावर साम्राज्याला थोडी लाज वाटली. १९१८ च्या साम्राज्य युद्धपरिषदेत हिंदुस्थानच्या बाजूने एस. पी. सिन्हा यांनी हा प्रश्न मांडला. वसाहतींत स्थायिक झालेल्या हिंदी माणसाला पत्नी आणि अज्ञान मुले आणता यावीत, असे ठरले. अटी दोन होत्या. पत्नी एकच असावी, आणि ती व मुले कायदेशीर असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारने द्यावा. १९१९ मध्ये कॅनडाने हे मान्य केले. पण ज्या खेड्यात विवाहाची नोंद सरकारी वहीत होतच नव्हती, तेथे दाखला कोण देणार? दाखल्याची पद्धत बसवण्यातच काही वर्षे गेली. कायद्याने दार उघडले आणि कागदाने ते अडवून धरले.

१९२२ मध्ये भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री कॅनडात गेले. पुण्यात गोखल्यांनी स्थापिलेल्या संस्थेचा हा वारस तेथील हिंदी लोकांना मताधिकार मिळावा म्हणून बोलला. तो अधिकार मिळण्यास १९४७ साल उजाडले. १९५१ च्या करारान्वये भारताला वर्षाला १५० जणांचा कोटा मिळाला, १९५७ मध्ये तो ३०० झाला. १९६२ मध्ये वंशभेदाचे नियम बरेचसे गेले, तरी दूरच्या नातलगांना बोलावण्याची सवलत मुख्यत्वे युरोपियनांकडेच राहिली. १९६७ च्या गुणपद्धतीने तोही भेद संपवला. १९७६ चा कायदा १९७८ पासून अमलात आला आणि ‘कुटुंब’ हा कायम रहिवासाचा स्वतंत्र वर्ग ठरला. कोमागाता मारूबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

आता हा इतिहास आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेरच्या घरांतील मुले टोरांटोकडे स्थायिक झाली आणि आईवडिलांना ‘स्पॉन्सर’ करण्याच्या गोष्टी बोलू लागली. पत्नीसाठीचे हमीपत्र तीन वर्षांचे असते. आईवडिलांसाठी ते, क्विबेक प्रांत वगळता, २०१४ पासून वीस वर्षांचे झाले. तीन वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते. २०११ च्या नोव्हेंबरात आईवडिलांचे नवे अर्ज घेणे दोन वर्षांहून अधिक काळ थांबले होते. २०१७ मध्ये अर्जदार चिठ्ठ्या टाकून निवडले गेले. आईवडील यावेत की नाही, हे सोडतीवर ठरले.

प्रत्येक देशाला आपले दार सांभाळण्याचा अधिकार आहे, हे मी मानतो. पण रहिवासी आणि वारस दाखल्यांवर सह्या करताना त्या कागदाची कोणी वाट पाहत असेल, हा विचार माझ्याही मनात क्वचितच आला होता. १९०८ च्या हुकमावर सही करणाऱ्यांनीही तो केला नसावा. आपल्या लष्करचे शहर झाले, कारण आपल्या कबिल्याला कोणी वाटेत अडवले नाही. हे भाग्य होते, याची जाणीव ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.