आधी लाइट काढले, मग परत लावले: डर्ट बाइक रस्त्यावर कशी आली?

आजच्या भागाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुमच्या बाइकची चेन किती ढिली असावी? घरच्या बाइकला मेकॅनिक साधारण 20 ते 30 मिलिमीटर सोडतो. डर्ट बाइकला मात्र 35 ते 50 मिलिमीटर लागतात. का? या 'का'मागे बराच मोठा इतिहास आहे.

गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. 1950-60 च्या दशकात तिथे डर्ट बाइक अशी वेगळी विकत मिळायचीच नाही म्हणा. पोरं काय करायची? ट्रायम्फसारखी रस्त्यावरची जड बाइक घ्यायची, लाइट काढायचे, सायलेन्सर वर उचलायचा, मागे मोठं स्प्रॉकेट लावायचं आणि वाळूत घालायची. म्हणजे आधी रस्त्यावरची बाइक मातीत गेली. उलटा प्रवास नंतरचा!

होंडाने ही हवा ओळखली. 1962 साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघं होंडाच्या 250 सीसी स्क्रॅम्बलरवर मेक्सिकोतल्या तिहुआनाहून निघाले. धड रस्ता नसलेल्या बाहा द्वीपकल्पातून त्यांना थेट ला पाझ गाठायचं होतं. अंतर सुमारे 1,500 किलोमीटर. निघताना तार, पोचल्यावर तार, वेळेचा पुरावा म्हणून. एकिन्सला 40 तासांपेक्षा किंचित कमी वेळ लागला. पुढे 1968 मध्ये यामाहाची डीटी-1 बाजारात आली. 246 सीसी, टू-स्ट्रोक, हलकी, आणि कंपनीतूनच लाइट लावलेली. आठवडाभर कामावर जा, रविवारी डोंगरात जा!

मग आलं 1979. एबीसी या अमेरिकी टीव्ही चॅनेलसाठी गॅव्हिन ट्रिप यांनी एक कल्पना मांडली. रोड रेसर, फ्लॅट ट्रॅकवाले आणि मोटोक्रॉसवाले यांच्यात भारी कोण? सगळ्यांना एकाच ट्रॅकवर आणा, थोडं डांबर, थोडी माती. कार्ल्सबॅड रेसवेवर 'सुपरबाइकर्स' नावाने ही शर्यत झाली आणि पहिल्याच वर्षी जिंकला केंट हॉवर्टन, मोटोक्रॉसचा गडी. 1980 च्या दशकाच्या मध्यावर टीव्हीवरचा हा खेळ थांबला. पण तोवर फ्रान्समध्ये त्याला नवं नाव मिळालं होतं, सुपरमोटार्ड. आज आपण ज्याला सुपरमोटो म्हणतो ते हेच. डर्ट बाइकला 17 इंची चाकं, रस्त्याचे टायर, पुढे मोठी डिस्क.

आता चेनकडे येऊ. तिची मूळ रचना आजही तीच आहे, जी हान्स रेनोल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला पेटंट केली. पिन, त्यावर बुश, त्यावर फिरणारा रोलर. 1970 च्या दशकात भर पडली ती ओ-रिंगची, म्हणजे ग्रीस आतच कोंडून ठेवणाऱ्या रबरी कड्यांची.

ढिलाईचं कारण असं. पुढचं स्प्रॉकेट एका जागी आणि स्विंगआर्मचा बिजागर थोडा मागे. चाक खालीवर होतं तसं या दोन टोकांमधलं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, बिजागर आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ. डर्ट बाइकचं चाक जवळजवळ 300 मिलिमीटर वरखाली होतं, म्हणून उभ्या बाइकवर तिची चेन लोंबते ती मुद्दाम. "लूज दिसतेय" म्हणून ती ताणली, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली, तर इंजिनचं केसिंग फुटतं किंवा मागचं चाक जाम होतं. 80 च्या स्पीडला हे झालं तर काय, ते सांगायला नको. म्हणून आधी ते तीन बिंदू एका रेषेत आणायचे आणि तिथेही थोडी ढिलाई उरतेय ना, हे बघायचं.

दुसरी गोष्ट दात्यांची. पुढे 13, मागे 50 म्हणजे गुणोत्तर 3.85. मातीत मस्त, पण हायवेवर इंजिन नुसतं किंचाळतं. 14 आणि 42 लावा, गुणोत्तर 3. त्याच वेगाला इंजिन साधारण 22 टक्के कमी फिरतं. आणि हो, चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक नेहमी चेन धावते त्या दिशेला!

आपल्याकडची गोष्ट निराळी. आपल्या कम्युटर बाइकची चेन वर्षानुवर्षं बंद कव्हरमध्ये राहिली. धूळ, पावसाळ्यातला चिखल आणि मागे बसणारीची साडी! मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, हा आपल्याकडे नियमच आहे. त्यामुळे चेन बघायची सवय आपल्याला लागलीच नाही. 2011 ची हिरो इम्पल्स, 2016 ची हिमालयन, 2019 ची एक्सपल्स, या गाड्यांवर मात्र ती उघडी दिसते.

आणि एक कडू गोष्ट. निव्वळ शर्यतीसाठी आणलेल्या डर्ट बाइकला हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर लावले म्हणजे आरटीओ नंबर देईल, असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. नंबर नाही तर इन्शुरन्स नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या घरातून जाते. त्यापेक्षा नंबर असलेली ट्रेल बाइक घ्या.

कार्ल्सबॅडच्या त्या पोरांकडे बंद ट्रॅक होता. आपल्यासमोर रिक्षा आहे, गुरं आहेत, शाळेतून सुटलेली मुलं आहेत. तेव्हा हा भाग संपला की खाली जा, बाइक स्टँडवर लावा आणि चेन एकदा हाताने उचलून बघा. इंजिन बंद ठेवून, बरं का! भेटू पुढच्या भागात.