ईव्हीएसच्या पेपरामागचा खटला

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात पदवी घेतलेल्या बहुतेकांना ‘ईव्हीएस’चा, म्हणजे पर्यावरण अभ्यासाचा पेपर आठवतो. शाखा आर्ट्स असो की कॉमर्स, तो द्यावाच लागे. हा पेपर विद्यापीठांनी आपणहून सुरू केलेला नाही. तो आला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने.

त्याआधी पर्यावरणाचा अभ्यास होत होता, पण तो सांडपाणी आणि रोगराईच्या अंगाने. नागपुरात 1958 साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली, ती शहरांचा पाणीपुरवठा, मैला आणि साथीच्या रोगांचे प्रश्न सोडवण्यासाठी. 1972 मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली आणि इंदिरा गांधी तिथे बोलल्या. दोनच वर्षांत नागपूरच्या संस्थेच्या नावात ‘पर्यावरण’ आले आणि तिची ‘नीरी’ झाली. पुण्यात वाढलेले माधव गाडगीळ हार्वर्डहून परतले आणि 1983 मध्ये त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभारले. संशोधनाची वाट अशी तयार होत होती. पदवीच्या वर्गात बसलेल्या सर्वसाधारण मुलापर्यंत मात्र यातले फारसे काही पोहोचत नव्हते.

डिसेंबर 1984 मध्ये भोपाळमध्ये वायुगळती झाली आणि हजारो माणसे मेली. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यानंतरचा. वकील एम. सी. मेहता याच काळात दिल्लीतली वायुगळती, गंगेचे प्रदूषण, ताजमहाल अशी एकेक प्रकरणे घेऊन न्यायालयाची पायरी चढत होते. त्यांची एक याचिका वेगळी होती. कोणता कारखाना बंद करा, अशी तिची मागणी नव्हती. लोकांना पर्यावरण शिकवा, असे तिचे म्हणणे होते.

22 नोव्हेंबर 1991 रोजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने ते मान्य केले. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटे द्यावीत, शाळा-महाविद्यालयांत हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा व्हावा, असे ते निर्देश होते. विद्यापीठे हलली नाहीत. डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, तेव्हा कुठे हा विषय पदवीच्या सर्व शाखांना लागू झाला. मधली बारा वर्षे वाया गेली, आणि त्याचा दोष विद्यापीठीय व्यवस्थेकडेच जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमाचे काम पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांच्याकडे आले. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या भरुचांनी भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेतून आयोगासाठी पाठ्यपुस्तकही लिहिले. आठ घटक, 50 तासिका. लेखी परीक्षा 75 गुणांची, क्षेत्रकार्य 25 गुणांचे. शेवटच्या पाच तासिका वर्गाबाहेरच्या होत्या: जवळची नदी किंवा डोंगर बघा, एखादी प्रदूषित जागा बघा, आसपासची झाडे, कीटक, पक्षी ओळखा. कोल्हापूरच्या मुलांनी पंचगंगेवर जावे, चंद्रपूरच्या मुलांनी औष्णिक केंद्राचा परिसर पाहावा, अशी सोय त्यात होती. अभ्यासक्रमाचा जीव या पाच तासिकांत होता, आणि पुष्कळ ठिकाणी नेमक्या त्याच गाळल्या गेल्या. प्रोजेक्ट आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवले गेले, मुले नदीवर गेलीच नाहीत.

सक्तीच्या पेपराबरोबरच पर्यावरणशास्त्राच्या स्वतंत्र पदव्याही आता अनेक विद्यापीठांत आहेत. त्यात रसायनशास्त्र, परिसरशास्त्र, भूशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र असे सगळे थोडे थोडे येते, आणि कोणत्या अंगावर भर द्यायचा हे प्रत्येक विभाग आपापल्या परीने ठरवतो. म्हणून बारावीनंतर या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी विभागाचे नाव किंवा माहितीपुस्तिका पाहून प्रवेश घेऊ नये. वर्षातले किती दिवस क्षेत्रावर जातात, पाण्याचे नमुने मुले स्वतः तपासतात का, आणि मागच्या तुकडीचे प्रकल्प पाहायला मिळतील का, हे तीन प्रश्न विभागात जाऊन जरूर विचारावेत.