कमला निंबकर आणि हाताचे पुनर्वसन

फलटणचे कमला निंबकर बालभवन आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांना परिचित आहे. ज्यांच्या नावाने ही शाळा चालते, त्या कमलाबाईंचे सर्वांत मोठे काम मात्र रुग्णालयातले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या अमेरिकेतून भारतात आल्या. पुढे फिलाडेल्फियात व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. 1952 साली जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. त्यांचे चिरंजीव बनबिहारी फलटणला स्थायिक झाले. साताऱ्याशी नाते जुळले ते असे.

'व्यवसायोपचार' हा शब्द जरा फसवा आहे. रुग्णाला नोकरी मिळवून देणे असा त्याचा अर्थ नाही. बटण लावणे, भाकरी थापणे, खडू धरणे अशा हेतुपूर्ण कृतींतून शरीराला पुन्हा शिकवणे, हा तो अर्थ. हाताच्या बाबतीत तो चटकन पटतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. मनगट उचलणारा स्नायू बोटांच्या कामी लावला, तरी मेंदूला ते ठाऊक नसते! नवे काम सरावानेच शिकावे लागते.

डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासून मिरज शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले आहे. पण समजा, कडबाकुट्टीत एखाद्याच्या बोटाची कंडरा तुटली आणि ती उत्तम शिवली गेली. बोट नुसते बांधून ठेवले, तर जखम भरताना कंडरा भोवतीच्या आवरणाला चिकटते आणि बोट ताठरते. घाईने ओढले, तर टाका तुटतो. 1960च्या दशकात अमेरिकेत डॉ. क्लाइनर्ट यांनी यावर साधी युक्ती वापरली: रुग्णाने बोट स्वतः सरळ करायचे आणि रबरबँडने ते परत वाकवायचे. शिवलेल्या स्नायूवर जोर येत नाही, कंडरा मात्र सरकत राहते.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधीच सर्जनना विचारावे, की पुढचे उपचार कोण करणार. व्यवसायोपचारतज्ज्ञ भेटले, तर आणखी दोन प्रश्न विचारावेत: शिवलेल्या कंडरांचे रुग्ण त्यांनी हाताळले आहेत का, आणि स्प्लिंट ते स्वतः हाताच्या मापाने बनवतात का? पहिली भेट टाके काढल्यानंतर नव्हे, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ठरवून घ्यावी.