दुसऱ्याच्या वतीने बोलताना

२००७ साली संसदेने ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा केला. मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणापुढे निर्वाहखर्च मागता येऊ लागला. कलम १७ ने तिथे वकिलांना मज्जाव केला. मग ज्यांना जिनाच उतरवत नाही, त्यांनी दाद मागायची कशी? उत्तर कलम ५ मध्ये आहे: अर्जदार असमर्थ असेल, तर त्याने अधिकार दिलेली कोणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते.

आम्हाला यातली ‘त्याने अधिकार दिलेली’ ही अट मोलाची वाटते. पाय थकले म्हणजे मत थकलं असं नव्हे. पोटच्या पोरावर अर्ज करायचा की नाही, हे त्या आजींनीच ठरवायचं. आम्हीही आता कठडा धरूनच जिना चढतो. म्हणून स्वयंसेवकांना सांगतो, कागद लिहायच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.