झाडात पाणी चढते कसे?

पाणी उताराकडे धावते, हा सृष्टीचा नियम. तरीही माडाच्या शेंड्यावरच्या शहाळ्यात ते जमिनीपासून साठ-सत्तर फुटांवर साठलेले असते. कॅलिफोर्नियातील 'हायपेरियन' या रेडवूड वृक्षात तर ते सुमारे ११६ मीटर चढते. नळीतील हवा काढून पाणी ओढणारा कितीही उत्तम पंप घेतला, तरी तो १०.३ मीटरपेक्षा वर पाणी खेचू शकत नाही. मग पंप नसलेल्या झाडाला हे साधते कसे?

मुळांवरचे सूक्ष्म केश परासरणाने पाणी घेतात. नत्र, पालाश यांसारखे क्षार मात्र मुळांना ऊर्जा खर्चून आत घ्यावे लागतात. त्यासाठी मुळांना श्वसन करावे लागते आणि श्वसनासाठी मातीत हवा लागते. मुळांच्या दाबाने पाणी थोडे वर ढकललेही जाते. पहाटे गवताच्या पात्यांच्या टोकांवर दिसणारे थेंब अनेकदा दवाचे नसून या दाबाने बाहेर आलेले असतात. परंतु हे बळ उंच वृक्षाला पुरत नाही.

खरी ओढ असते ती पानांची. पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालचे पाणी खेचले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे मुळापासून पानापर्यंतचा पाण्याचा धागा अखंड वर सरकतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हा सिद्धांत मांडला. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या ग्रंथात पाणी चढवण्याचे श्रेय जिवंत पेशींच्या स्पंदनाला दिले होते. ते मत पुढे टिकले नाही. पाणी वाहणाऱ्या जलवाहिन्या मृत पेशींच्याच असतात. गाभा पोखरलेली चिंच वर्षानुवर्षे हिरवी राहते, कारण पाणी वाहते ते बाहेरच्या कोवळ्या लाकडातून. धाग्यात हवेचा बुडबुडा शिरला की मात्र ती वाहिनी निकामी होते. फुलदाणीतील फुलांचे देठ पाण्याखाली कापावेत, असे सांगतात ते यामुळेच.

पानांत तयार झालेली साखर दुसऱ्या वाटेने जाते. ही वाट, म्हणजे रसवाहिन्यांचा थर, सालीच्या आतल्या अंगाला असते. या पेशी जिवंत असतात. पानाजवळ त्यांत साखर भरली जाते, तिच्यामागे पाणी शिरते आणि वाढलेल्या दाबाने रस मुळांकडे वा फळांकडे ढकलला जातो. हे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ म्युंख यांनी १९३० मध्ये दिले. सतराव्या शतकात इटलीच्या माल्पिघी यांनी खोडाची साल वर्तुळाकार काढून पाहिली होती, तेव्हा कापाच्या वरचा भाग फुगला होता. नाशिककडील द्राक्षबागायतदार 'गर्डलिंग' करतात ते याच तत्त्वावर. सालीचे अरुंद कडे काढले की साखर काही काळ वरच अडते, मणी टपोरे होतात आणि जखम पुढे भरून येते.

हेच कडे रुंद व खोल काढले तर ते मारेकरी ठरते. रस्त्यावरचे नकोसे झाड संपवण्यासाठी शहरांत हा मार्ग वापरला जातो. जलवाहिन्या शाबूत असल्याने झाड काही महिने हिरवे दिसते, पण मुळे उपाशी मरत असतात. झाड वाळते तेव्हा कापाची आठवण कोणाला राहत नाही. झाडांच्या संरक्षणासाठी राज्याच्या नागरी भागांना लागू असलेल्या १९७५ च्या अधिनियमात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हीदेखील तोडच मानली आहे. बुंध्याला भिडवलेले काँक्रीट हे काम अधिक सावकाश करते. ते मुळांची हवाच तोडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

माडाला मात्र असे कडे नसते. त्याच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून चढण्यासाठी खाचा पाडूनही तो जगतो. आंबा, पिंपळ, गुलमोहर यांच्या बुंध्यावर ताजा गोल काप दिसल्यास विलंब करू नये. त्याच झाडाच्या डहाळ्या कापाच्या खाली व वर सालीत जोडून सेतुकलम करता येते आणि रसाचा मार्ग पुन्हा जुळतो. मात्र हे मुळे वाळण्याआधीच करावे लागते.